चार लग्नांचा सम्राट आणि दार अडवणारा पॅट्रिआर्क: इस्तंबूलमधील दोन दिवसांच्या बायझंटाइन पदयात्रेचे परीक्षण

ऑक्टोबर 2024 मध्ये आम्ही दोघे, मी आणि माझे यजमान, इस्तंबूलला आठ दिवस राहिलो. त्यांपैकी दोन दिवस आम्ही एका छोट्या स्थानिक संस्थेच्या पदयात्रेसाठी राखून ठेवले होते. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळातील चर्च आणि राजवाडा यांच्यातील संघर्ष हा या पदयात्रेचा एकमेव विषय आहे. आठ जणांचा गट, इंग्रजी बोलणाऱ्या मार्गदर्शक बाई, प्रत्येकाच्या कानात ऐकण्याचे छोटे यंत्र, आणि प्रवेशशुल्काचे पैसे वेगळे, अशी एकूण व्यवस्था होती. मी पंचवीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, तरी ‘पूर्व रोमन साम्राज्य’ या नावाखाली पाठ्यपुस्तकात जेमतेम दीड पान असे, आणि त्यातही 1453 साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचे इस्तंबूल) जिंकले एवढेच वाक्य मुले पाठ करीत. त्यामुळे ज्या दहाव्या शतकाभोवती ही पदयात्रा गुंफली आहे, ते माझ्यासाठीही जवळजवळ नवे होते.

प्रथम तक्रार सांगते, कारण ती पहिल्याच तासाला उद्भवली. नोंदणी करताना दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत हागिया सोफिया या जुन्या चर्चच्या, आताच्या मशिदीच्या, आतल्या पडवीतील, सम्राटाच्या दारावरचे मोझेक (रंगीत खड्यांचे भित्तिचित्र) प्रत्यक्ष पाहता येईल असे लिहिले होते. वस्तुतः जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना 25 युरोंचे तिकीट काढून फक्त वरच्या सज्ज्यात जाता येते. खालचा भाग नमाजासाठी राखलेला आहे. नियम योग्यच आहे, प्रार्थनास्थळाचा मान राखला गेलाच पाहिजे, परंतु सुमारे नऊ महिने उलटल्यावरही संस्थेने पत्रिका सुधारलेली नव्हती. मार्गदर्शक बाईंनी आल्या आल्या याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि त्या मोझेकचे भलेमोठे छायाचित्र बाहेरच्या चौकातल्या बाकावर उलगडून आमच्यासमोर धरले. पुढचा पाऊण तास त्या एका चित्राभोवती गेला, आणि संपूर्ण पदयात्रेतील तो सर्वांत सकस भाग ठरला.

चित्रात ख्रिस्त सिंहासनावर बसला आहे. त्याच्या हातातील उघड्या ग्रंथावर ‘तुम्हांस शांती असो, मी जगाचा प्रकाश आहे’ अशा अर्थाची ग्रीक अक्षरे आहेत. त्याच्या पायाशी एक मुकुटधारी, दाढीवाला सम्राट गुडघे टेकून, जवळजवळ जमिनीवर लोळण घेऊन, हात पसरून आहे. त्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही. बहुतेक अभ्यासक त्याला सहावा लिओ मानतात, काही जण त्याचा पिता पहिला बेसिल मानतात, हे बाईंनी दोन्ही बाजूंच्या कारणांसह सांगितले आणि मगच लिओची कथा सुरू केली. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. कितीतरी मार्गदर्शक सोयीचा तेवढा तर्क सत्य म्हणून सांगून मोकळे होतात.

लिओला मुलगा नव्हता. पहिली पत्नी थिओफानो गेली, दुसरी झोई झाउत्झाइना गेली, तिसरी युडोकिया 901 साली ईस्टरच्या दिवशी बाळंतपणात गेली. पूर्वेकडील चर्चला दुसरा विवाहच मुळात रुचत नसे आणि तिसऱ्याला प्रायश्चित्त होते. स्वतः लिओने आपल्या कायद्यांत तिसऱ्या विवाहाची निंदा केलेली होती. आता त्याची सोबतीण होती झोई कार्बोनोप्सिना, म्हणजे कोळशासारख्या काळ्या डोळ्यांची झोई. 905 साली तिला कॉन्स्टंटाइन नावाचा मुलगा झाला. पॅट्रिआर्क, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या चर्चचा प्रमुख धर्माधिकारी, निकोलस मिस्टिकोस याने मुलाच्या आईने राजवाडा सोडावा या अटीवर 6 जानेवारी 906 रोजी त्याला बाप्तिस्मा दिला, आणि तीनच दिवसांनी ती वाजतगाजत राजवाड्यात परत आली. थॉमस नावाच्या एका धर्मगुरूने दोघांचे लग्न लावले. हे सम्राटाचे चौथे लग्न होते.

त्यानंतर 906 च्या नाताळाला आणि पुन्हा जानेवारी 907 मध्ये ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, सगळ्या दरबारी लव्याजम्यासह आलेल्या सम्राटाला पॅट्रिआर्कने याच दारात अडवले. ज्याच्या एका शब्दावर सेनापतींचे डोळे काढले जात, तो माणूस भरल्या डोळ्यांनी बाजूच्या दाराने आपल्या खासगी दालनात परतला. बाईंनी येथे थांबून आम्हाला एकच प्रश्न विचारला: निकोलसच्या हातात त्या क्षणी नेमके काय होते? सैन्य नव्हते, खजिना नव्हता. सणाच्या दिवशी सम्राटाने चर्चमध्ये प्रवेश करणे हा राज्यकारभाराचाच भाग होता आणि ते दार उघडणे पॅट्रिआर्कच्या हातात होते, एवढेच त्याचे बळ. मी इतकी वर्षे मध्ययुगीन धर्मसत्ता आणि राजसत्ता यांविषयी बोलत आले, पण ती सत्ता एका लाकडी दाराच्या रुंदीइतकी मूर्त असू शकते हे मला त्या बाकावर बसून उमगले.

लिओ स्वस्थ बसला नाही. त्याने रोमचा पोप तिसरा सर्जियस आणि पूर्वेकडील इतर पॅट्रिआर्क यांच्या प्रतिनिधींकडून विवाहाला सूट मिळवली. रोमलाही कॉन्स्टॅन्टिनोपलच्या वादात निवाडा करण्याची संधी हवीच होती. फेब्रुवारी 907 मध्ये निकोलसची हकालपट्टी झाली आणि युथिमिओस नावाचा वृद्ध मठाधिपती पॅट्रिआर्क झाला. तेव्हापासून चर्चमध्ये दोन फळ्या पडल्या, निकोलसच्या आणि युथिमिओसच्या. युथिमिओस सम्राटाच्या हातचे बाहुले असेल असे वाटावे, तर तसेही नव्हते. त्याने लिओला प्रायश्चित्तासह चर्चमध्ये घेतले, पण लग्न लावणाऱ्या थॉमसला धर्मगुरुपदावरून काढले आणि झोईचे नाव सम्राज्ञी म्हणून प्रार्थनेत घेण्यास शेवटपर्यंत नकार दिला.

आपल्याकडे बखर हाती घेतली की ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे आधी पाहायचे असते. बाईंची पद्धत अगदी तीच होती. युथिमिओसची बाजू त्याच्या अनुयायाने लिहिलेल्या चरित्रातून येते, निकोलसची त्याच्या स्वतःच्या पत्रांतून. एकात जो संत तो दुसऱ्यात धर्मबुडवा. प्रत्येक प्रसंगाला ‘हे कोण सांगत आहे’ असे त्या आवर्जून म्हणत. माझ्या मते या सेवेची खरी किंमत येथे वसूल होते.

सज्ज्यात जाण्यासाठी दगडी चढणीची वाट आहे. पायऱ्या कमी असल्या तरी फरसबंदी उंचसखल आणि गुळगुळीत झालेली आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सावकाश चढावे आणि पकड असलेली पादत्राणे घालावीत. वर आल्यावर बहुतेक लोक थेट दक्षिणेच्या सज्ज्यातील प्रसिद्ध मोझेकांकडे धावतात. बाईंनी आम्हाला आधी उत्तरेच्या सज्ज्यातील एका अंधाऱ्या खांबाजवळ नेले. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. मग वर, छताजवळ, रत्नजडित पट्टा गुंडाळलेला, हातात गोल धरलेला एक माणूस हळूहळू प्रकट होतो. तो लिओचा भाऊ अलेक्झांडर.

मे 912 मध्ये लिओ वारला आणि अलेक्झांडर गादीवर आला. भावाने केलेले सगळे उलटवणे हाच त्याच्या राज्याचा कार्यक्रम होता, म्हणून झोई राजवाड्याबाहेर गेली आणि निकोलस पुन्हा पॅट्रिआर्क झाला. वृद्ध युथिमिओसला मॅग्नाउरा या दरबारी वास्तूत सभेपुढे उभे करून त्याची वस्त्रे उतरवण्यात आली, दाढी उपटण्यात आली आणि त्याला मारहाण झाली. त्याचा चरित्रकार पुढे असेही सांगतो की निकोलसचा राग युथिमिओसच्या गाढवावरही निघाला आणि त्या मुक्या जनावराला कोणी चारापाणी देऊ नये असे फर्मान निघाले. विरोधी गोटातील माणसाने लिहिलेली ही कथा किती खरी मानायची हा प्रश्न आहेच. पण नाताळच्या दिवशी सम्राटापुढे ताठ उभा राहणारा निकोलस आणि हा निकोलस एकच होता, हे पचवणे मला जड गेले. बाईंनीही ते आमच्यासाठी सोपे केले नाही. अलेक्झांडरने जेमतेम तेरा महिने राज्य केले. जून 913 मध्ये तो वारला आणि सात-आठ वर्षांच्या कॉन्स्टंटाइनच्या नावे कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या प्रमुखपदी निकोलस बसला. ज्या मुलाच्या आईवडिलांचे लग्न त्याने नाकारले होते, त्याच मुलाचे राज्य त्याला सांभाळावे लागले.

दक्षिण सज्ज्यात शिरताना दोन संगमरवरी झडपांचे दार लागते. या सज्ज्यात धर्मसभा भरत असत. येथून समोरच्या उत्तर भिंतीकडे पाहिले, तर उंचावरील कमानीखालच्या कोनाड्यांत तीन संतांची मोझेके दिसतात. त्यांपैकी दाढी नसलेला कोवळा चेहरा म्हणजे पॅट्रिआर्क इग्नेशियस. हा सम्राट पहिल्या मायकेलचा मुलगा. 813 साली बापाची गादी गेली तेव्हा मुलाने पुढे हक्क सांगू नये म्हणून त्याचे वृषण काढण्यात आले आणि त्याला मठात धाडण्यात आले. 858 मध्ये त्याला पदच्युत करून त्याच्या जागी फोटियस या विद्वान दरबारी गृहस्थाला आणले गेले. त्या वेळी तो धर्मगुरूही नव्हता. चर्चमधील सर्व पायऱ्या त्याने एका आठवड्याच्या आत पार केल्या! त्यावरून रोमशी झगडा पेटला. 867 च्या सप्टेंबरात बेसिलने सम्राट तिसऱ्या मायकेलचा खून करवला, फोटियसची हकालपट्टी झाली आणि इग्नेशियस परतला. 877 मध्ये इग्नेशियस वारल्यावर फोटियस पुन्हा आला. त्याआधी दोघांचा समेट झालेला होता. मार्च 867 मध्ये याच इमारतीत माता मरियमेच्या मोझेकच्या अनावरणप्रसंगी फोटियसने प्रवचन दिले होते. पूर्वेकडील अर्धघुमटातले ते मोझेक आज पांढऱ्या पडद्यांआड आहे. सज्ज्याच्या टोकावरून त्याचा थोडासा भाग नजरेस पडतो. या प्रकरणाला पदयात्रेत दहाच मिनिटे मिळाली आणि ती अपुरी होती, कारण निकोलस हा फोटियसच्याच तालमीत तयार झालेला माणूस, आणि पुढच्या फळ्यांची मुळे या पहिल्या भांडणात आहेत.

सज्ज्याच्या पूर्व टोकाला आणखी एक झोई भेटते. ही अकराव्या शतकातील, आठव्या कॉन्स्टंटाइनची कन्या. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला पैशांची थैली घेतलेला नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस, दुसऱ्या बाजूला दानपत्राची गुंडाळी धरलेली झोई. येथे अगदी जवळ उभे राहता येते, आणि नीट पाहिले तर कॉन्स्टंटाइनच्या डोक्याभोवतीचे खडे बाकीच्या खड्यांशी जुळत नाहीत हे साध्या डोळ्यांना कळते. नावाच्या ओळीतील अक्षरेही मूळ जागेत दाटीवाटीने बसवलेली आहेत. आधी तेथे झोईच्या पूर्वीच्या पतीचे डोके आणि नाव होते, ते काढून नव्याचे घातले गेले. पाठोपाठ ख्रिस्ताचा आणि झोईचा चेहराही नव्याने केला गेला. साठी उलटलेली झोई येथे तरुणीसारखी दिसते. जून 1042 मध्ये दोघांचे लग्न झाले, ते दोघांचेही तिसरे होते. म्हणून पॅट्रिआर्क अलेक्सिओसने ते स्वतः लावले नाही, एका दुसऱ्या धर्मगुरूने लावले, आणि पॅट्रिआर्कने दुसऱ्या दिवशी फक्त राज्याभिषेक केला. लिओच्या चार लग्नांनी तिसऱ्या लग्नाबद्दलचा जो नियम पक्का झाला, त्याच्या कडेने सव्वाशे वर्षांनंतरही सम्राज्ञीला वाट काढावी लागली. हा धागा बाईंनी जोडून दिला तेव्हा गटातील सगळेच क्षणभर त्या खड्यांकडे पाहत राहिले.

संस्थेने दिलेल्या छापील पानावर मात्र याच ठिकाणी गोंधळ आहे. त्यातील वंशवृक्षात दोन वेगवेगळ्या काळांतील झोई एकाच रंगात, कसल्याही सालाविना छापल्या आहेत आणि आमच्यातील दोघांचा त्यामुळे दिवसभर घोटाळा होत राहिला. एवढी चांगली मार्गदर्शक असताना हे पान नव्याने छापून घेणे अवघड नाही.

दुसरा दिवस समुद्राकडून सुरू झाला. मार्माराच्या किनाऱ्यावर, रेल्वेमार्गालगत, बुकोलिऑन राजवाड्याच्या एका भिंतीचे अवशेष आणि संगमरवरी चौकटींच्या तीन मोठ्या खिडक्या उभ्या आहेत. सभोवती डागडुजीचे काम चालू असल्याने आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिले. याच राजवाड्याच्या परिसरात पॉर्फिरा, म्हणजे जांभळ्या दगडाची प्रसूतिशाळा होती, आणि तेथे जन्मला म्हणून लिओच्या मुलाला ‘पॉर्फिरोजेनिटस’ म्हणत. त्याचा जन्म आईवडिलांच्या लग्नाआधीचा, म्हणूनच हे बिरूद त्याच्याभोवती इतके घट्ट धरले गेले, हे बाईंचे विवेचन मला पटले.

914 मध्ये झोई कार्बोनोप्सिनाने निकोलसकडून कारभार हिसकावला. ऑगस्ट 917 मध्ये अखेलोसच्या लढाईत बल्गेरियाचा शासक सिमिऑन याने बायझंटाइन सैन्याचा धुव्वा उडवला आणि तिच्या सत्तेचा पायाच खचला. येथे माझी आणखी एक तक्रार आहे. बाईंनी अखेलोस एका वाक्यात उरकले. सिमिऑन 913 मध्येच राजधानीच्या तटापर्यंत आला होता, निकोलसने त्याच्याशी वाटाघाटी केल्या होत्या, आणि झोईने त्या मोडीत काढल्या होत्या. म्हणजे चर्चमधील दुफळी, राजवाड्यातील चढाओढ आणि सरहद्दीवरील हजारो सैनिकांचे मरण ही एकच गोष्ट आहे. ती सांगितली नाही तर ऐकणाऱ्याला हा सगळा चार भिंतींतील भाऊबंदकीचा खेळ वाटू शकतो.

या पराभवानंतर आरमाराचा प्रमुख रोमानोस लेकापेनोस, एका शेतकऱ्याचा मुलगा, मार्च 919 मध्ये आपली जहाजे घेऊन याच बुकोलिऑनच्या बंदरात शिरला. काही आठवड्यांत त्याने आपली मुलगी हेलेना कोवळ्या कॉन्स्टंटाइनला दिली, झोईचे मुंडण करून तिला मठात पाठवले, आणि डिसेंबर 920 मध्ये स्वतः सहसम्राट झाला. त्याच वर्षीच्या जुलैत चर्चमधील दोन्ही फळ्यांचा समेट लेखी स्वरूपात जाहीर झाला: चौथा विवाह सर्वस्वी निषिद्ध, तिसरा कडक अटींवर. समेटाचा हा लेख पुढे दरवर्षी चर्चमध्ये वाचला जाई. ज्याच्या जन्मदात्यांच्या लग्नाचा त्यात निषेध होता, तो पंधरा वर्षांचा सम्राट तो कसा ऐकत असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

तेथून आम्ही लालेलीत गेलो. घाऊक कपड्यांची दुकाने, गाठोडी वाहणारे हमाल आणि हातगाड्या यांच्या गर्दीत एका उंचवट्यावर विटांचे छोटेसे, गोल खांबांसारख्या आधारांचे चर्च उभे आहे. आता ती बोद्रुम मशीद आहे. रोमानोसने आपल्या महालाशेजारी बांधलेले हे मिरेलाइऑन. 922 मध्ये त्याने येथे पत्नी थिओडोराला पुरले. ही जागा क्वचितच कोणत्या सहलीत असते, म्हणून संस्थेचे मनापासून कौतुक वाटते. रोमानोसचा मुलगा थिओफिलॅक्ट कोवळ्या वयात, 933 साली पॅट्रिआर्क झाला. त्याला प्रार्थनेपेक्षा घोड्यांचे वेड अधिक होते, आणि पवित्र गुरुवारची उपासना चालू असताना लाडकी घोडी व्याल्याचे कळताच तो तबेल्याकडे धावला, अशी गोष्ट नंतरच्या एका इतिहासकाराने नोंदवली आहे. बाप सम्राट आणि मुलगा पॅट्रिआर्क झाल्यावर दार अडवायला कोणी उरलेच नाही.

शेवटचा टप्पा फेरीबोटीचा होता, आणि तो चुकवू नये. राजपुत्रांच्या बेटांपैकी शहराला सर्वांत जवळचे बेट कनालअदा; बायझंटाइन लोक त्याला प्रोती म्हणत. डिसेंबर 944 मध्ये रोमानोसच्या स्टिफन आणि कॉन्स्टंटाइन या दोन मुलांनी बापालाच पकडून, मुंडण करून, या बेटावरील मठात आणून टाकले. महिनाभरातच मुलांचेही पारडे फिरले आणि जानेवारी 945 मध्ये त्यांनाही त्याच बेटावर आणण्यात आले. त्या काळचा इतिहासकार, क्रेमोनाचा लिउतप्रांद, याने लिहिल्यानुसार म्हाताऱ्या बापाने त्यांचे मठाच्या दारात स्वागत केले आणि येथे थंडगार पाणी, शेंगा आणि ताजा भाजीपाला मिळेल, असे सांगितले. पॉर्फिरोजेनिटस, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, प्रथमच खऱ्या अर्थाने एकटा सम्राट झाला. रोमानोस 948 मध्ये वारला आणि त्याला लालेलीतल्या त्या छोट्या चर्चमध्ये, पत्नीच्या शेजारी पुरले.

बेटावर आम्हाला दोन तास मोकळे होते. टेकडीवर चढणे सर्वांना जमले नाही, तरी बाईंनी कोणालाही घाई केली नाही. परतीची बोट संध्याकाळी उशिरा शहराला लागली. ज्यांना एका दिवसात दहा ठिकाणे पाहायची आहेत त्यांनी ही पदयात्रा घेऊ नये. ज्यांना एका दारापुढे पाऊण तास उभे राहण्याची तयारी आहे त्यांनी जरूर घ्यावी. पण पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशी नेमके कोणते भाग पाहता येतील, हे संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. शुक्रवार टाळणे बरे, कारण दुपारच्या सामुदायिक नमाजामुळे सज्ज्यातला बराच वेळ कमी होतो.